बाईंचा कायमचा पत्ता

परदेशी मास्तर विमानातून मुंबईत उतरला की पहिले दोन दिवस तो शाळेचा नसतो, माझा असतो. त्याच्या करारात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: पगार, वर्षातून एकदा मायदेशी जायचं तिकीट आणि 'सुसज्ज सदनिका'. पगार शाळा देते, तिकीट शाळा काढते, आणि सुसज्ज सदनिका म्हणजे मी. गिझर मी, गॅस मी, वायफाय मी, बाल्कनीची जाळी मी. एकदा एका कॅनडाच्या मास्तराने फोन करून सांगितलं, घरात भूकंप होतोय, मी पलंगाखाली आहे, बायकोला निरोप दे. धावत गेलो. भूकंप नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या.

आमची शाळा प्रभादेवीची. आंतरराष्ट्रीय. म्हणजे मुलं इथलीच, फक्त त्यांचे डबे आंतरराष्ट्रीय. शिक्षक मात्र निम्मे बाहेरदेशचे, आणि त्या सगळ्यांना राहायला जागा शोधून, ती सजवून, त्यांच्या ताब्यात देऊन, जाताना परत मोजून घेण्याचं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. दिवसभर लोकांना दोन बेडरूमचे फ्लॅट वाटत फिरायचं आणि संध्याकाळी लालबागला आपल्या एका खोलीत येऊन मोरीत पाय धुवायचे. खोलीत मी, बायको, मुलगा आणि आई. आई म्हणते, "एवढी घरां देतस लोकांका, एक खिशात घालून हाड ना रे." आता दोन बेडरूमचा फ्लॅट खिशात मावत असता तर मी आणला नसता का?

या चौदा वर्षांत नाना तऱ्हेचे मास्तर बघितले. एकाने बाथटबमध्ये पालक लावला होता. एकीने पंखा या वस्तूवरच अविश्वास दाखवला आणि वर्षभर त्याच्याखाली हेल्मेट घालून जेवली. पण बाईंच्या पंगतीला बसेल असं कोणी नाही.

बाई स्कॉटलंडच्या. भूगोल शिकवायच्या. नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मुंबईत आल्या तेव्हा साठीला साडेतीन वर्षं बाकी होती. उंची अशी, की नेहमीच्या पलंगावर झोपल्या तर पावलं शेजारच्या खोलीत. चालायच्या अशा, की त्यांची सावली दोन चौक मागे धापा टाकत यायची. सत्तावीस वर्षं देशोदेशी शिकवत होत्या, नऊ देश झाले होते, आणि नऊच्या नऊ देशांत शाळेने दिलेल्या घरातच राहिल्या होत्या. "सत्तावीस वर्षांत मी एकही पडदा विकत घेतलेला नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. आपल्याकडे एखादा निवृत्त अधिकारी 'मी आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही' म्हणून सांगतो ना, त्या ताठ मानेने. बोलायच्या इंग्रजीत. मी ते मराठीत सांगतोय, तेव्हा मधेमधे माझं मीठ पडणारच.

ताबा द्यायला मला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे यादी असते: सोफा एक, खुर्च्या चार, चमचे सहा. मास्तर झोपेने पेंगत सही करतो आणि मी निघतो. बाईंनी तीन तास घेतले. प्रत्येक चमचा उजेडात धरला. "हा वाकडा आहे. लिही." लिहिलं. "भिंतीवर इथे खिळ्याचं भोक आहे. माझं नाही. लिही." लिहिलं. सोफ्यावरच्या डागाचा फोटो तीन बाजूंनी काढला, त्याच्या शेजारी पट्टी ठेवून. मग बाल्कनीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आणि हे?"

एसीच्या मागे कबुतराचं घरटं होतं.

"ते यादीत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारते. मी आणलेलं नाही. लिही."

मी लिहिलं: घरटं एक, अंडी दोन. खाली दोघांच्या सह्या. तीन आठवड्यांनी ऑफिसात ईमेल आली. विषय: यादीतील दुरुस्ती. मजकूर: अंडी शून्य, पिल्लं दोन. प्रत मुख्याध्यापिकांना.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घर शाळेचं, चप्पल माझी." आणि त्या ते शब्दशः पाळायच्या. हॉलमध्ये तीन माणसांचा सोफा, आणि बाई त्याच्या शेजारी स्वतःच्या घडीच्या स्टुलावर बसून वह्या तपासतायत, हे दृश्य मी कैक वेळा बघितलंय. "बसा की सोफ्यावर," मी म्हणायचो. "कशाला त्याची झीज?" म्हणायच्या. फ्रिजचा एकच कप्पा वापरायच्या. कपाटाची तर दारंही उघडायच्या नाहीत. दोन बॅगा भिंतीशी उभ्या, त्यातून सकाळी कपडे काढायचे, धुऊन वाळवून संध्याकाळी परत त्यातच. सणसणीत पगार घेणारी बाई, आणि घरात अशी राहायची जणू आतल्या खोलीतून कोणीतरी येऊन विचारणार आहे, काय हो, कोण तुम्ही?

चार महिन्यांनी सकाळी सात वाजता फोन. "मला घर बदलून हवंय."

"काय झालं बाई? गळतंय?"

"नाही."

"शेजारी त्रास देतात?"

"शेजारी उत्तम आहेत."

"मग?"

बाई म्हणाल्या, "आज अंघोळीहून आले आणि दिवा न बघता लावला."

मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं. "मग चांगलंच झालं ना?"

"हात आपोआप बटणावर गेला. कुठे आहे ते हाताला पाठ झालंय. सवय व्हायला लागली. बदल."

असं कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. घर बदलायला लोक ढेकूण सांगतात, लिफ्ट सांगतात, वास्तू सांगतात. या बाईला घर नकोसं झालं, कारण ते हवंसं व्हायला लागलं होतं! मी माटुंग्याला दुसरं दिलं. सात महिने टिकलं. एक दिवस भाजीवालीने न मागता पिशवीत कढीपत्ता टाकला आणि वर "आज उशीर?" म्हणून विचारलं. संध्याकाळी बाईंच्या बॅगा दारात. मग गिरगावात, खोताच्या वाडीजवळ. तिथे बाई जवळजवळ वर्षभर राहिल्या. मी मनात म्हटलं, रुळल्या. तर एक दिवस ऑफिसात येऊन उभ्या. "काल स्वप्न पडलं. स्वप्नातलं घर हेच होतं." मी टेम्पो बोलावला. टेम्पोवाला माझा नेहमीचा. तो दोन बॅगा आणि एक स्टूल बघून म्हणाला, "साहेब, याला टेम्पो कशाला? टॅक्सीच्या डिकीत बसेल." बाई म्हणाल्या, "शाळेच्या नियमांत स्थलांतराला टेम्पो लिहिलाय." रिकाम्या टेम्पोत दोन बॅगा गिरगाव ते लालबाग इकडून तिकडे घसरत आल्या.

शाळेच्या घरांचं एक असतं. भिंती वेगळ्या, पण आतलं सगळं एक, कारण मी सगळं घाऊक घेतो. तोच मातकट सोफा, तेच पडदे, तेच भिंतीवरचं बोटीचं चित्र. एका मास्तराकडे दुसरा मास्तर जेवायला गेला तर सुरी कुठल्या खणात आहे हे त्याला विचारावं लागत नाही. बाईंना म्हटलं, "तीनदा बदललंत, पण बदललं काय?" तर म्हणाल्या, "बटणं."

मुख्याध्यापिका मॅडम मला बोलावून झापायच्या. "तू तिचे इतके लाड का करतोस?" मी म्हणायचो, "मॅडम, तुम्ही एकदा तिच्या वर्गात जाऊन बघा." बाई मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला लावायच्या, पण त्यात रस्ते नाहीत, दिशा नाहीत, फक्त वास. चाळीस मजली टॉवरमधली, गाडीची काच कधी खाली न केलेली पोरं आठवडाभर परळ-लालबागच्या गल्ल्यांत नाकं वर करून फिरली. इथे मसाला कुटतायत. इथे सुकी मासळी. इथे इस्त्रीचा कोळसा. एका मुलीने नकाशात आपल्याच इमारतीच्या जागी लिहिलं, 'इथे वास नाही'. बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले.

सवय झाली की घर सोडायचं, हे असं का, हे मी बाईंना विचारलं होतं. त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तीनदा वेगळं सांगितलं. एकदा म्हणाल्या इजिप्तमध्ये, एकदा पेरूमध्ये, एकदा केनियात. शाळेने दिलेल्या एका घरात त्या अकरा वर्षं राहिल्या होत्या. भिंती स्वतः रंगवल्या, गच्चीत कुंडीत लिंबाचं झाड वाढवलं, त्याला लिंबं धरली. एका मंगळवारी शाळा बंद झाली. शुक्रवारपर्यंत घर खाली करा, अशी चिठ्ठी. झाड लिफ्टमध्ये मावेना, जिन्यातून एकटीला उतरवेना. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवलं आणि विमानतळावर गेल्या.

आता मी स्वतः थापाड्या माणूस. थाप कशी असते ते मला शिकवायला नको. देश दर वेळी बदलायचा, पण मंगळवार कधी बदलला नाही, आणि तिसरा मजलाही. तेवढ्यावरून मी ओळखलं, ही थाप नाही.

तर बाई लालबागला आल्या. टॉवर असा, की त्यांच्या खिडकीतून खाली आमची चाळ दिसायची. मी एकदा बोट करून दाखवली. "ती निळी ताडपत्री आहे ना, तिच्याखाली माझं घर." बाईंनी बराच वेळ बघितलं. "किती वर्षं?" "वडील आले तेव्हापासून. साठ-पासष्ट." बाई खिडकीपासून मागे सरकल्या. उंचीवरून खाली बघताना सरकतात तशा.

आईला मी हे घरी सांगितलं. आई आमची मालवणची, तिला माणसाची एकच चौकशी ठाऊक: जेवता काय? एकटी बाई, वर चौतिसाव्या मजल्यावर, स्टुलावर बसून ओट्स खाते हे कळल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि भाकरी स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हाती दिली. तासाभरात डबा परत. घासून लखलखीत, आणि आत एक कागद. बाईंच्या अक्षरात: 'स्टीलचा डबा एक, झाकणासह. उजव्या बाजूला जुना पोचा. मिळाला त्याच स्थितीत परत.' खाली सही आणि तारीख.

आईने डबा उघडला, कागद बाजूला केला आणि आतल्या बाजूला हात फिरवून बघितला. "रिकामो?"

"अगं, त्यांच्यात नसतं ते."

"रिकामो डबो कोण परत देता? आमी काय वाकडा केला तिचा?"

बाईंना मी ऑफिसात सांगितलं, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बाई इतक्या घाबरल्या, की मला वाटलं आता पोलिसांत हजर होतात. "पण घरातली साखर..." त्या थांबल्या. साखरेचा डबा शाळेच्या यादीतला! आपली म्हणून घालायची तर काय घालायचं? पुढच्या वेळी डबा आला तो साखरेच्या पुड्यांनी गच्च. नऊ देशांच्या विमानांतल्या, कुठली निळी, कुठली सोनेरी, एकीवर उंट. आईने त्या गादीवर पसरल्या. "विमान लुटून इली काय रे ही?"

मग सुरू झालं ते सव्वा वर्षं थांबलं नाही. आईकडून बांगडा, तिकडून लोणी घातलेली खुसखुशीत बिस्किटं. इकडून सांदणं, तिकडून बाईंनी केलेली ओट्सची लापशी. ती चाखून आई काळजीत पडली, "आजारी आसा काय ती? पेज दिल्यान." हमाल मी. शाळेत जाताना डबा, येताना डबा. अवघ्या सव्वा वर्षात त्या एका डब्याने इथून स्कॉटलंडपर्यंत आणि परत इतकं अंतर कापलं असेल. मी आईला म्हटलं, हे थांबणार कधी? आई म्हणाली, "रिकामो इलो की."

आणि त्याच सुमारास मॅडमनी बाईंना पत्र दिलं. साठ पूर्ण होतायत, शाळेच्या नियमाप्रमाणे करार वाढवता येत नाही. जूनअखेर नोकरी संपली, म्हणजे जूनअखेर घर संपलं, आणि त्याच्या मागोमाग व्हिसा. पत्राची प्रत मला, कारण मोजून घ्यायचं मला होतं.

बाई हलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी हे नेहमीचंच. आठ दिवसांत ताश्कंदच्या एका शाळेने मुलाखत घेऊन होकारसुद्धा दिला. तिथे पासष्टपर्यंत ठेवतात, घर देतात, सगळं जागच्या जागी. फक्त एक अर्ज भरून शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. तो अर्ज घेऊन बाई सोमवारी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

एकच रकाना रिकामा होता. कायमचा पत्ता. त्याखाली बारीक अक्षरात: 'नोकरीच्या ठिकाणी मिळालेलं घर चालणार नाही. आजारपण अथवा मृत्यू झाल्यास अर्जदारास व सामान जिथे पाठवायचं तो पत्ता. पत्त्यावर पडताळणीचं पत्र येईल, घरच्या माणसाने सही करून घ्यावं.'

"आजवर काय लिहीत होता?" मी विचारलं.

"आई होती तोवर आईचं घर. ते विकलं, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. मग प्रत्येक वेळी मागच्या शाळेचं घर. कोणी बघत नव्हतं. हे लोक बघतात."

"भाऊ, बहीण?"

"नाही."

"एखादी मैत्रीण?"

"सगळ्या शिक्षिका." म्हणजे सगळ्याच शाळेच्या घरात.

मंगळवार, बुधवार बाई नुसत्या चालत होत्या. शाळा सुटली की लालबागहून निघायच्या ते गिरगाव चौपाटी, तिथून उलट दादर. मी मागे. मला काळजी, की ही बाई अशीच चालत चालत ताश्कंदला पोचेल. वाटेत मी एकेक तोडगा सुचवत होतो. एखादं वकिलाचं ऑफिस लिहा. चर्च लिहा. "तिथे दार कोण उघडेल?" बाई विचारायच्या. "ते लिहितायत, घरच्या माणसाने." खोटं लिहायला तयार नव्हत्या. वाकडा चमचा लिहून घेणारी बाई, ती मेल्यावर जायचा पत्ता खोटा कशी देईल?

आता खरं सांगतो. पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक पत्ता होता. आमचा. आणि पहिल्या दिवसापासून मी तो जिभेखाली दाबून धरला होता. कारण आमची चाळ पुनर्विकासात जायची होती. नव्या जागेवर हक्क कोणाचा हे ठरवायला बिल्डरची माणसं खोलीखोलीत कोण राहतं ते बघायला कधीही येणार होती, आणि चाळीत अशी हवा होती की दारात कोणाची चार दिवस चप्पल दिसली तरी शेजारी विचारायचे, "पाहुणे का? की नाव चढवताय?" सख्खे भाऊ कागदावरून बोलेनासे झाले होते. अशात आमच्या खोलीच्या पत्त्यावर एका परदेशी बाईचं रजिस्टर पत्र? छे. मी बाईंना आपणहून सांगूनही टाकलं, "चाळीत रजिस्टर पत्र येतच नाही हो, पोस्टमन वरच चढत नाही." आमचा पोस्टमन रोज चढतो. चढतो, पाणी पितो, आईशी गप्पा मारतो.

गुरुवारी संध्याकाळी बाई स्वतः डबा घेऊन चाळीत आल्या. पहिल्यांदाच. आमच्या जिन्यात त्यांना जवळजवळ घडी घालून वर आणावं लागलं. आत आल्या त्या पंख्याला टेकल्या. आईने कॉटवर बसवलं, आणि आश्चर्य म्हणजे बाई बसल्या. कॉट आमची होती ना, शाळेची नव्हती.

मधे दुभाष्या मी.

"खंय जातली आता?" आईने विचारलं.

मी सांगितलं: ताश्कंद, पण अजून नक्की नाही, एक कागद अडलाय.

"कसलो कागद?"

बाईंनीच अर्ज काढून दाखवला. मला रकान्याचा अर्थ सांगावाच लागला.

"मग गाव घालीत ना आपलो. गाव खंयचो तिचो?"

बाई म्हणाल्या, गाव नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी भाषांतरात काहीतरी सांडलं. "गाव नाय असो माणूस असता काय?" मग तिने हाताने खालच्या फरशीकडे दाखवलं. "ह्यो घाल म्हणून सांग. आपलो."

मी बाईंकडे वळलो आणि छान हसून म्हणालो, "आई म्हणते, प्रवास सुखाचा होवो."

बाईंनी मान हलवली. आईला इंग्रजीत धन्यवाद दिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तिने जमिनीकडे बोट का केलं?"

भूगोल शिकवणारी बाई. तिच्यासमोर बोट केलं तर ती दिशा बघणारच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर आई उठली होती.

"काय सांगितलंस तिका?"

"तेच गं."

"तेच नाय. तेच सांगितलं असतंस तर ती असा तोंड करती नाय."

मग मी सगळं सांगितलं, मालवणीत, म्हणजे बाईंना कळू नये म्हणून. चाळ, बिल्डर, नावं, शेजारी. आईने ऐकून घेतलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझो बापूस मिलमधे होतो तेव्हा ह्या खोलीत गावचे चवदा झील ऱ्हवत. पाळीपाळीन झोपत. चवदा जणांची पत्रां, मनीऑर्डरी ह्याच पत्त्यार येयत. जे मेले त्यांची तारसुद्धा हयसूनच गेली. तेव्हा पडली काय खोली? तुझो बापूस कोणाक नाय बोललो नाय. तू ऑफिसात बसून घरां वाटतस ती कोणाची? शाळेची. आपली देऊची इली तर जीभ अडकली?"

बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मी इंग्रजीत म्हणालो, "बाई, मी खोटं बोललो. पोस्टमन वर चढतो." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई काय म्हणाली ते, आणि मी ते का अडवलं तेही.

बाईंनी विचारलं, "आता तू काय म्हणतोस?"

हा प्रश्न मला त्या खोलीत आजवर कोणी विचारला नव्हता. बायको दारात पातेलं घेऊन उभी राहून माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "लिहा. खोली नंबर एकोणीस, दुसरा मजला."

बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं. एकेक शब्द लिहून तो मला दाखवत होत्या. मग सवयीने त्यांनी फोन काढला, भिंतीकडे धरला. पोपडे, ओल, मोरीची फुटकी लादी, फोटो काढण्यासारखं आमच्याकडे पुष्कळ आहे. एक क्षण धरून ठेवला आणि खाली केला. "पावसात कुठे गळतं?" एवढंच विचारलं. आईने कोपरा दाखवला.

पडताळणीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. आईने अंगठ्याने चष्मा वर सारून सही केली. नोकरी पक्की झाली. जूनअखेर मी टॉवरमधलं घर मोजून घेतलं. वाकडा चमचासुद्धा तेवढाच वाकडा होता. बाई ताश्कंदला गेल्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथे त्यांनी वर्षात दोन घरं बदलली. तिथल्या माझ्यासारख्या कोणाची तरी मला दया येते.

पत्रं मात्र आमच्याकडे येऊ लागली. बँकेची, निवृत्तिवेतनाची, कुठल्याशा भूगोल मंडळाचं मासिक, ज्यात पानपानभर बर्फ. आई ती पिठाच्या डब्यामागे रचून ठेवते. शेजारी विचारायला लागले, आणि मी दर वेळी वेगळी थाप मारायला लागलो. एकाला सांगितलं, आत्या. एकाला सांगितलं, कोर्टाची केस.

मग गेल्या महिन्यात सर्व्हेवाला आला. टॅब घेतलेला तरुण माणूस, घामाघूम. त्याने खोली मोजली, वीजबिल बघितलं, आणि दारात उभं राहून विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," मी म्हटलं.

"पाच," आई आतून म्हणाली.

त्याने आम्हा चौघांना बोटाने मोजलं. "पाचवं कोण?"

"नोकरीक भायर आसा. परदेशात." आणि तिने पिठाच्या डब्यामागचा गठ्ठा काढून त्याच्या टॅबवरच ठेवला.

त्याने दोन पाकिटं चाळली. एक भुवई वर गेली. शेजारच्या दारात दोन माणसं येऊन उभी होती, त्यांचे कान आमच्या उंबऱ्यावर. "आजी," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "नाव वाढवल्याने जागा वाढत नाही हां."

"जागा कोण मागता? तू माणसां इचारलंस, मी माणसां सांगितलंय."

"या इथे राहिल्यात कधी?"

"अजून नाय," आई म्हणाली.

त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं आणि माझ्याकडे वळला. शेजारीही वळले. थाप मारायला याहून चांगली जागा आणि याहून चांगले श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते.

"नाव सांगा," तो म्हणाला.

बाईंचं आडनाव लांबलचक आहे. मी एकेक अक्षर सुटं करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.